सीएस २ च्या स्किन्स विकून पैसे बँकेत आणायचे आहेत: नियम, कर आणि फसवणूक याबद्दल माहिती हवी

डस्ट_दोन_वासी (प्रश्न)

स्टीमवर (व्हॉल्व्ह कंपनीचं पीसी गेम्सचं दुकान) काउंटर-स्ट्राइक २ (सीएस २) ची इन्व्हेंटरी, म्हणजे गेममधल्या जमवलेल्या वस्तू आहेत. एक नाइफ, एक ग्लोव्हज, बाकी एके आणि एडब्ल्यूपी या बंदुकांच्या स्किन्स (सजावटीची रूपं). स्टीमच्याच कम्युनिटी मार्केटच्या भावाने बेरीज साधारण दोन लाख दाखवते. खेळणं थांबलंय, त्यामुळे वॉलेटमध्ये शिल्लक नकोय, रोख पैसे हवेत.

१. असं विकणं व्हॉल्व्हच्या नियमात बसतं का? खातं बॅन होतं का?
२. डिस्कॉर्डवर एक जण थेट यूपीआयने घ्यायला तयार आहे, कमिशन शून्य. काय सांभाळावं?
३. कर लागतो का? लागत असेल तर उत्पन्नाच्या कुठल्या शीर्षाखाली?
४. धाकट्या भावाला त्याचं बीजीएमआय या मोबाइल गेमचं खातं विकायचंय. तेही यातच उरकता येईल का?

---

मधला_दरवाजा

आधी ते दोन लाख डोक्यातून काढा. कम्युनिटी मार्केटचा भाव हा वॉलेटमधल्या पैशांचा भाव आहे आणि ते पैसे स्टीमबाहेर निघत नाहीत. बाहेरच्या साइट्सच्या बाजारात तीच स्किन रोखीत साधारण पाव ते एक तृतीयांश कमी भावाने जाते. त्यातून साइटचं कमिशन (२ टक्क्यांपासून १०-१२ टक्क्यांपर्यंत, साइटनुसार) आणि पैसे काढण्याचा खर्च वजा करा. दोन लाखांची इन्व्हेंटरी असेल तर हातात सव्वा ते दीड लाख येतील असं धरून चला.

स्टीमवरच विकलं तरी पूर्ण रक्कम मिळत नाही. विक्रेत्याच्या रकमेवर ५ टक्के स्टीमचे आणि १० टक्के गेमचे चढतात. ग्राहकाने १०,००० रुपये दिले तर तुमच्या वॉलेटमध्ये सुमारे ८,६९६ येतात. वॉलेटमध्ये साधारण २,००० डॉलरच्या वर शिल्लक ठेवता येत नाही, म्हणून फार महागडे नाइफ त्या मार्केटवर दिसतच नाहीत.

आता नियम. स्टीमच्या सदस्य करारानुसार स्किन तुमच्या मालकीची नसते, तुम्हाला फक्त वापरण्याचा परवाना मिळालेला असतो. वॉलेटच्या रकमेला स्टीमबाहेर किंमत नाही, खातं विकायला मनाई आहे आणि स्टीमचा धंद्यासाठी वापर करायलाही मनाई आहे. पण एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वस्तू ट्रेड करणं ही स्टीमचीच सोय आहे, आणि त्या ट्रेडमागे बाहेर पैसे दिले-घेतले का हे स्टीमला दिसत नाही. त्यामुळे एखाददुसरा नाइफ विकणाऱ्याचं खातं सहसा जात नाही. कारवाई होते ती साइट्सच्या बॉट (आपोआप ट्रेड करणाऱ्या) खात्यांवर. जुलै २०१६ मध्ये व्हॉल्व्हने जुगाराच्या २३ साइट्सना नोटीस धाडली, आणि जून २०१८ मध्ये ऑपस्किन्स या स्किन विक्रीच्या साइटचे ट्रेड बंद केले तेव्हा बॉटमधला माल काढून घ्यायला लोकांची पळापळ झाली. त्यामुळे ज्या साइटवर माल आधी बॉटकडे जमा करावा लागतो तिथे जास्त दिवस माल ठेवू नका. विक्री होईपर्यंत स्किन तुमच्याच इन्व्हेंटरीत राहते आणि ग्राहकाला थेट ट्रेड जातो, अशी साइट बघा.

तांत्रिक तयारी: स्टीमचा मोबाइल ऑथेंटिकेटर (फोनवरून मंजुरी देण्याची सोय) किमान ७ दिवस चालू असलेला हवा, नाहीतर ट्रेडवर १५ दिवसांपर्यंत होल्ड बसतो, म्हणजे वस्तू अडकून राहते. विक्रीच्या मधेच फोन बदलू नका, ऑथेंटिकेटर नव्याने लावला की तो काळ पुन्हा मोजला जातो. प्रत्येक स्किनचा फ्लोट (झीज दाखवणारा आकडा) बघून ठेवा. ०.०७ च्या खाली फॅक्टरी न्यू, ०.०७ ते ०.१५ मिनिमल वेअर, ०.१५ ते ०.३८ फील्ड-टेस्टेड, ०.३८ ते ०.४५ वेल-वॉर्न, पुढे बॅटल-स्कार्ड. ०.१५१ आणि ०.३७ दोन्ही फील्ड-टेस्टेडच, पण ०.१५१ ला मिनिमल वेअरच्या जवळचा भाव मागता येतो. नाइफ डॉपलर डिझाइनचा असेल तर फेज (रंगाचा प्रकार) कुठली, केस हार्डन्ड डिझाइनचा असेल तर पॅटर्न नंबर काय, आणि बंदुकांवर जुन्या मेजर (मोठ्या) स्पर्धांचे स्टिकर आहेत का, हे पाहिल्याशिवाय भाव लावू नका. डिस्कॉर्डवरचा "लगेच घेतो, कमिशन नाही" म्हणणारा बऱ्याचदा नेमकं हेच तुम्ही बघितलेलं नाही यावर कमावतो.

---

पहारेकरी

दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण इथेच माणसं बुडतात.

जुलै २०२५ पासून सीएस २ मध्ये ट्रेड प्रोटेक्शन आहे. ट्रेड झाल्यावर ७ दिवस वस्तू संरक्षित राहते. घेणारा ती गेममध्ये वापरू शकतो, पण पुढे देऊ शकत नाही, तिच्यावर स्टिकर लावणं वगैरे करू शकत नाही. या ७ दिवसांत दोघांपैकी कोणीही आपल्या खात्यावरून ट्रेड उलटवू शकतो. उलटवायचा म्हटलं तर त्या खात्यावरचे संरक्षणात असलेले सगळे ट्रेड एकदम उलटतात, आणि त्या खात्याला ३० दिवस ट्रेड व मार्केट बंद.

आता यूपीआयचा व्यवहार यात बसवून बघा. ग्राहकाने पैसे आधी दिले तर तुम्ही पाचव्या दिवशी नाइफ परत ओढून घ्याल ही त्याला भीती. पैसे आठव्या दिवशी द्यायचे ठरले तर नाइफ त्याच्याकडे, पैशांचा पत्ता नाही, आणि मुदत संपल्यावर तुमच्या हातात उलटवायलाही काही उरत नाही. अनोळखी माणसाशी हा तिढा सुटत नाही, म्हणून मधे पैसे धरून ठेवणारी साइट लागते. चांगल्या साइट्स ग्राहकाचे पैसे आधी जमा करून घेतात आणि तुम्हाला ७-८ दिवसांनी मोकळे करतात. पैसे लगेच मिळाले नाहीत म्हणून घाबरू नका. उलट "तात्काळ पेमेंट" म्हणणारी साइट तो धोका स्वतःवर घेते आणि भावातून कापून घेते.

"मिडलमन देतो, माझ्या ओळखीचा आहे" असं ग्राहकानेच म्हटलं तर व्यवहार तिथेच थांबवा. मिडलमन बहुतेक वेळा त्याचंच दुसरं खातं असतं.

ट्रेडची चोरी कशी होते ते समजून घ्या. तुम्हाला एक लिंक येते: माझ्या टीमला मत दे, या साइटवर स्किनचा भाव बघ, स्पर्धेत नाव नोंदव. तिथे स्टीम लॉगिनची हुबेहूब खिडकी उघडते. ती खरी खिडकी नसून पानातच काढलेलं चित्र असतं. माउसने धरून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून बघा, बाहेर जात नसेल तर खोटी. तिथे लॉगिन केलं की चोराकडे तुमचं सेशन जातं, आणि कधी तो तुमच्या खात्यावर वेब एपीआय की (प्रोग्रामने ट्रेड हाताळू देणारा कोड) काढून ठेवतो. मग तो गप्प बसतो. तुम्ही खऱ्या साइटवर नाइफ विकला, खऱ्या ग्राहकाला ऑफर गेली, की तो ती ऑफर रद्द करतो आणि ग्राहकाचंच नाव व चित्र लावलेल्या आपल्या खात्यावरून दुसरी ऑफर बनवतो. तुम्ही फोनवर मंजुरी देता ती या दुसऱ्या ऑफरला. साइट म्हणते माल आला नाही, तुम्ही म्हणता दिला.

यावर उपाय फोनवरच्या मंजुरीच्या पडद्यावर आहे. नाव आणि चित्र बघू नका, त्याची नक्कल होते. समोरच्या खात्याची लेव्हल आणि स्टीमवर नोंदणीची तारीख बघा आणि साइटने दिलेल्या माहितीशी जुळवा. विक्रीला बसण्याआधी स्टीमच्या एपीआय की च्या पानावर जाऊन की आहे का पाहा. तुम्ही स्वतः काढलेली नसेल तर रद्द करा. मग पासवर्ड बदला आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआऊट करा. क्रम उलटा करू नका, जुनं सेशन चालू राहिलं तर चोर की पुन्हा काढतो. ट्रेड लिंकही नवी बनवून घ्या.

फसलात तर ७ दिवसांच्या आत ट्रेड उलटवणं हा एकच उपाय आहे. त्यानंतर स्टीम सपोर्ट वस्तू परत देत नाही, कितीही पुरावे दाखवा.

"मी चुकून तुझ्या खात्याविरुद्ध तक्रार केली, आता या स्टीम अ‍ॅडमिनशी बोल" असा मेसेज आला तर उत्तरही देऊ नका. स्टीमचा कर्मचारी डिस्कॉर्डवर बोलत नाही.

---

डस्ट_दोन_वासी

धन्यवाद. डिस्कॉर्डवाल्याचं स्टीम खातं दहा वर्षांचं आहे, लेव्हल भरपूर, आणि तो पूर्ण रक्कम आधी यूपीआयने द्यायला तयार आहे. पैसे खात्यात आले की मग ट्रेड. यात मला काय धोका? यूपीआय तर परत घेता येत नाही ना?

---

पहारेकरी

त्याला स्वतःला परत घेता येत नाही. पण पैसे त्याचे असतीलच असं नाही.

हा प्रकार असा चालतो. कुणातरी तिसऱ्याच माणसाला पार्सल, शेअर ट्रेडिंग किंवा "डिजिटल अटक" सांगून फसवलं जातं आणि पैसे भरायला तुमचा यूपीआय आयडी दिला जातो. तुम्हाला पैसे दिसतात, तुम्ही नाइफ देता. फसलेला माणूस सायबर हेल्पलाइन १९३० वर किंवा सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करतो. पोलीस पैशाचा माग काढत तुमच्या बँकेपर्यंत येतात आणि तुमच्या खात्यावर लीन लागतं (रक्कम रोखली जाते) किंवा खातंच गोठतं. चोरासाठी स्किन म्हणजे पैसे धुवायची सोपी जागा. व्हॉल्व्हने ऑक्टोबर २०१९ मध्ये केस (स्किन निघणारी पेटी) उघडायच्या नव्या चाव्यांचा ट्रेड बंद केला तो याच कारणाने: फसवणुकीच्या टोळ्या चाव्यांमधून पैसे फिरवत होत्या.

त्यामुळे यूपीआयने घ्यायचेच असतील तर पैसे पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव आणि समोरच्या माणसाचं ओळखपत्र जुळलंच पाहिजे. "मित्राच्या खात्यावरून टाकतो" म्हणाला तर नाही म्हणा. एकच रक्कम तीन-चार वेगवेगळ्या नावांवरून तुकड्यातुकड्याने आली तर ट्रेड देऊ नका आणि आलेले पैसे भलत्याच खात्यावर "परत"ही करू नका. बँकेला लेखी कळवा. पगाराचं किंवा घरखर्चाचं खातं यात वापरू नका. ट्रेड ऑफरचा क्रमांक, इन्व्हेंटरी हिस्टरीचा स्क्रीनशॉट, पूर्ण चॅट आणि यूपीआयचा यूटीआर क्रमांक एका फोल्डरमध्ये ठेवा.

खातं गोठलंच तर शाखेत जाऊन भांडण्यात वेळ घालवू नका. बँकेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: तक्रारीचा पोचपावती क्रमांक, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलीस ठाणं, आणि किती रकमेवर लीन आहे. मग त्या तपास अधिकाऱ्याला पुराव्यांसह ईमेल आणि स्पीड पोस्ट पाठवा. बरेचदा वादाची रक्कम काही हजारांची असते आणि खातं मात्र सगळंच बंद असतं, म्हणून वादातली रक्कम सोडून बाकी मोकळं करा अशी मागणी आधी करा. जप्ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली असते (जुनं १०२). अधिकारी दाद देत नसेल तर कलम ५०३ खाली तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोलीस ठाणं परराज्यात असेल तर तिथला वकील धरावा लागतो, आणि नाइफमधून मिळालेलं तिथेच जातं.

पेपाल घेऊ का असं विचारणार असाल तर: तिथे पैसे देणारा १८० दिवसांपर्यंत वाद उभा करू शकतो, आणि हातात न धरता येणाऱ्या वस्तूची पोच सिद्ध करणं अवघड असतं. अनोळखी माणसाकडून नकोच.

---

खतावणी

कराबद्दल. खाली कलमं १९६१ च्या आयकर कायद्यातली देतोय कारण लोकांना तीच माहीत आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्यात क्रमांक बदलतात.

कर लागतो यात वाद नाही. वाद आहे तो कुठल्या शीर्षाखाली याचा. कलम २(४७ए) मधली आभासी डिजिटल मालमत्तेची व्याख्या फार पसरट आहे. क्रिप्टोग्राफीने "किंवा अन्य प्रकारे" तयार झालेला, मूल्य दाखवणारा, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने हस्तांतरित होणारा कोड किंवा टोकन असं ती म्हणते. ३० जून २०२२ च्या अधिसूचनेने गिफ्ट कार्ड, रिवॉर्ड पॉइंट आणि वेबसाइट वा अ‍ॅपची सदस्यता यातून वगळली. गेममधल्या स्किनचं नाव ना आत आहे ना बाहेर. गेममध्ये वापरायची शोभेची वस्तू, तिला गुंतवणूक म्हणून कुणी विकत नाही, म्हणून व्याख्येत बसत नाही, हा एक युक्तिवाद. बाजारात तिचा भाव आहे आणि लोक ती साठवतात, म्हणून बसते, हा दुसरा.

फरक आकड्यात बघा. एक नाइफ ४०,००० ला घेतला, ६५,००० ला विकला: नफा २५,०००. ग्लोव्हज विकताना १०,००० तोटा. आभासी मालमत्ता धरली तर कलम ११५बीबीएच खाली २५,००० वर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ७,८०० रुपये. ग्लोव्हजचा तोटा वजा होत नाही, साइटचं कमिशनही नाही, फक्त खरेदी किंमत वजा होते. व्यवसायाचं उत्पन्न धरलं तर १५,००० मधून कमिशनही वजा करून उरेल त्यावर तुमच्या स्लॅबने. सतत घेणं-विकणं चालू असेल तर व्यवसाय आणि आयटीआर-३ विवरणपत्र. एकदाच इन्व्हेंटरी मोडत असाल तर सीएला दोन्ही आकडे काढायला सांगा आणि जे शीर्ष निवडाल त्याचं कारण एका कागदावर लिहून ठेवा. न दाखवणं हा पर्याय नाही, बँकेतली जमा दिसतेच.

खरी अडचण खरेदी किंमत सिद्ध करण्याची आहे. केस उघडून मिळालेली स्किन असेल तर चावीचे पैसे दाखवता येतील, खेळताना फुकट पडलेली असेल तर किंमत शून्य. जुन्या स्किन्स विकून वॉलेटमध्ये आलेल्या पैशांतून नाइफ घेतला असेल तर साखळी मागे न्यावी लागते. म्हणून विकण्याआधीच स्टीमची खरेदी हिस्टरी आणि मार्केट हिस्टरी उतरवून घ्या. शेकडो पानं निघतात, पण खात्यावर काही कारवाई झाली तर मग ती बघणंही कटकटीचं होतं.

आता यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) बद्दल, कारण भारतात पैसे पाठवायची सोय नसलेल्या साइट्स तोच मार्ग दाखवतात. यूएसडीटी हातात आला की तो नक्कीच आभासी मालमत्ता आहे. विकताना विक्रीच्या पूर्ण रकमेवर १ टक्का टीडीएस (कलम १९४एस), नफ्यावर नाही. तो विवरणपत्रात परत मागता येतो. आणि तो यूएसडीटी पी-टू-पी वर (थेट दुसऱ्या माणसाला) विकलात तर पहारेकरींनी सांगितलेला अनोळखी यूपीआयचा धोका जसाच्या तसा परत येतो, फक्त मधे एक टप्पा वाढतो. विकायचाच तर एफआययू (केंद्र सरकारची आर्थिक गुप्तवार्ता संस्था) कडे नोंदणी असलेल्या भारतीय एक्सचेंजच्या ऑर्डर बुकमध्ये विका. टीडीएस तेच कापतात आणि एआयएस (आयकर खात्याचं वार्षिक माहिती विवरण) मध्ये नोंद येते.

---

पुणेरी_क्लच

मी तर स्किन्स केस-बॅटलच्या (केसमधून कुणाला महागडी वस्तू निघते यावर पैज) साइटवर टाकून तिथून वाढवून काढायचा सल्ला वाचला होता. सरळ विकण्यापेक्षा जास्त मिळतात म्हणे.

---

खतावणी

तो जुगार आहे, आणि आता कायद्यानेही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आहे, आणि "पैसे" मध्ये पैशांनी घेतलेले आभासी क्रेडिट, टोकन, वस्तू असं सगळं धरलंय. स्किन लावणं त्यात सरळ बसतं. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत, ५० लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण साइटने पैसे अडकवले तर तक्रार कुणाकडे करणार? आणि प्रोमो कोड वाटणारे यूट्यूबर जाहिरातीच्या कलमात येतात हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. गेममध्ये मिळालेली वस्तू सरळ विकणं आणि वस्तू डावावर लावणं यात गल्लत करू नका, पहिल्याला हा कायदा हात लावत नाही.

---

मधला_दरवाजा

बीजीएमआयचा प्रश्न राहिला. तिथे वस्तू एका खात्यातून दुसऱ्यात देण्याची सोयच नाही, म्हणून लोक अख्खं खातं विकतात, आणि तेच क्राफ्टन या गेमच्या कंपनीच्या अटींविरुद्ध आहे. खातं गुगल, फेसबुक अशा लॉगिनला बांधलेलं असतं. विकणारा नंतर सपोर्टकडे जाऊन परत मिळवू शकतो, हे घेणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तो मूळ जीमेलच मागतो. तो जीमेल दिला की फोटो, कॉन्टॅक्ट, इतर अ‍ॅप्सचे पासवर्ड बदलायचा रस्ता, सगळं गेलं. शिवाय नव्या मालकाने हॅक वापरून बॅन ओढवला तर त्या खात्यामागचा माग तुमच्या भावापर्यंत येतो. भाऊ १८ च्या खाली असेल तर त्याचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम ११ नुसार मुळातच ग्राह्य नाही, पैसे बुडाले तर दाद मागायला आधारही नाही. विकू नका.

त्याला हेही सांगा की निम्म्या भावात यूसी (बीजीएमआयमधलं चलन) भरून देणाऱ्यांकडे जाऊ नको. ते बहुधा चोरीच्या कार्डावर किंवा रिफंडच्या खेळावर भरलेले असतात. पैसे मागे गेले की यूसी उणे होतात किंवा खातं जातं, आणि भरून देणारा तोपर्यंत टेलिग्रामवर नाव बदलून बसलेला असतो.

---

डस्ट_दोन_वासी

भावाला सांगतो. डिस्कॉर्डवाल्याला नाही म्हणतोय. शेवटचं: आत्ताच सगळं विकू की भाव वाढायची वाट बघू?

---

मधला_दरवाजा

भाव व्हॉल्व्हच्या एका अपडेटवर आहेत, बाकी गणित नंतर. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी पाच लाल (वरच्या दुर्मिळ दर्जाच्या) स्किन्स देऊन नाइफ किंवा ग्लोव्हज बनवायची सोय ट्रेड-अपमध्ये (स्किन्स देऊन वरच्या दर्जाची एक मिळवणं) आणली. अनेक नाइफचे भाव दिवसाभरात कोसळले आणि कालपर्यंत कुणी न विचारणाऱ्या स्वस्त लाल स्किन्स कितीतरी पटीने वर गेल्या. आधी कुणालाही सूचना नव्हती. खेळणं थांबलं असेल तर ठेवून तुम्ही फक्त हा धोका सांभाळताय.

क्रम असा ठेवा. आधी हिस्टरी उतरवा, एपीआय की आणि सेशन साफ करा. साइट निवडताना भारतीय बँकेत पैसे पाठवते का हे खातं उघडायच्या आधी बघा, केवायसी पूर्ण करा. मग एखादी हजार-दोन हजारांची एके विकून पैसे बँकेत येईपर्यंत थांबा, कारण कुठलीही अडचण असेल ती तिथेच दिसते. त्यानंतर नाइफ आणि ग्लोव्हज, दोन्ही एकाच दिवशी नकोत. पाच-पन्नास रुपयांच्या किरकोळ स्किन्स मात्र बाहेर न्यायच्या भानगडीत पडू नका. त्या कम्युनिटी मार्केटवरच टाका, वॉलेटमध्ये पुढच्या सेलपुरते जमतील.